बेंबीची खूण

आक्काची चंपी बकरी सापडली. पण ते तूर्त विसरू. ती सापडलेलीच नाही असं धरून, रडून घसा बसलेली आक्का सकाळीच चौकीत तक्रार द्यायला आली होती.

"ओळखीची खूण?" हवालदाराने विचारलं.

"बेंबी. तिच्यात निळा दोरा."

"बकरीला कुठं बेंबी असते, आक्का?"

"आईच्या पोटात जे नाळेवर वाढले त्या सगळ्यांना असते. तुम्हाला न्हाय का?"

हवालदाराचा हात नकळत शर्टाच्या बटणावर गेला.

"जनावराची केसांत लपते, येवढंच. चंपी झाली तवा तिची नाळ मीच कापडाच्या लूमच्या दोऱ्यानं बांधलेली. तो दोरा कातडीत रुतून ऱ्हायला."

"मग दोरा सापडला की बकरी सापडली."

आक्काने पदराची गाठ सोडली आणि रश्श्याने माखलेला निळा दोरा टेबलावर ठेवला.

"कुठं मिळाला?"

"काल, शेजारच्या भावेशच्या हळदीच्या जेवणात. दुसऱ्यांदा मटण मागून घेतलं, तवा माझ्याच ताटात."

हवालदाराचं पेन थांबलं. हळदीला तोही होता.

"लिवा साहेब," आक्का म्हणाली. "तरी हळदीत जेवलेल्या सर्व इसमांच्या पोटांचा, अर्जदारापासून सुरुवात करून, पंचनामा व्हावा आणि बकरी अर्जदाराच्या ताब्यात मिळावी, ही नम्र विनंती."