नलूचा उजवा पाय

टिक टिक टक ——
टिक टिक टक ——

रेघ आहे तिथं ‘धुम्’ हवा होता. तो उजव्या पायाचा. पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर होता, दाबला जात नव्हता.

पुलगाव, साल त्र्याऐंशी. मिलजवळच्या हॉलमध्ये तालीम. दुसऱ्या दिवशी गणपतीपुढं ऑर्केस्ट्रा.

नलूच्या हातांबद्दल तक्रार नव्हती. लहानपण मामाच्या खंजिरी भजनात गेलेलं. हात पाण्यासारखे धावायचे. पण ऑर्केस्ट्राचे मालक रूपराव कंटाळले होते. आज पाय चालला नाही तर उद्या वर्ध्याहून दुसरा ड्रमवाला आणतो, म्हणाले. नलूनं खुशाल टाळ वाजवावेत, त्याला पाय लागत नाही. सगळे हसले.

पाय धड होता. अडचण निराळी होती. वाद्याला पाय लागला की हात लावून कपाळाला लावायचा, हे वासुदेवमामानंच शिकवलेलं. पेडल दाबायच्या क्षणी हात आपोआप कपाळाकडे निघायचा.

ठोका हुकला.

आणि नेमका मामाच दारात. केळझरहून आलेला. नलू धडपडत उठली. आता वाद्यावर पाय दिसणार याला.

मामानं वहाणा काढल्या. वाकला. भाचीच्या पायांवर डोकं टेकवलं. मामानं भाचीच्या पाया पडायचं, ही इकडची रीत; कोणी वळूनही पाहिलं नाही. मग तो कोपऱ्यात बसला, नलू पुन्हा ड्रमवर.

टिक टिक टक ——

“काऊन थांबून राह्यली वं?”

नलूची मान खाली. “वाद्य हाय मामा. पाय कसा लावू?”

रूपराव म्हणाले, आता तुम्हीच समजवा, नाहीतर घेऊन जा घरी.

मामा उठला. मोठ्या ड्रमला त्यानं हात जोडले. गेली पोरगी, असं सगळ्यांना वाटलं.

“नलू, आल्याबरोबर म्या डोकं कुठं ठेवलं?”

“माह्या पायावर.”

“मंग माह्या डोक्याले जे चालते, ते ढोलाले चालत नाई काय?”

नलूनं पाय पेडलवर ठेवला. हात कपाळाकडे निघाला. अर्ध्यातून परतला.

टिक टिक टक
                              धुम्

दुसऱ्या संध्याकाळी मांडवाचे बांबू हलत होते. बाया-माणसं जागच्या जागी पायानं ताल धरत होती. मामा तर उठून उभाच राहिला, मग सगळेच. शेवटचा ठोका पडला, आणि कितीतरी वेळ कोणी खाली बसेना.

नलू स्टेजवरून उतरली. पायरीशी रूपराव उभे होते.

ती काही त्यांची भाची लागत नव्हती.

ते वाकले.