बटणाची पाटी

कुंडलिकचं पेन पुन्हा थांबलं. तो उताणा पडला होता. वही त्याने तोंडावर उचलून धरली होती आणि खालून वर लिहीत होता. बॉलपेन असं फार वेळ चालत नाही. शाई मागे जाते. कागदावर 'पा' उमटलं आणि पुढे नुसतेच ओरखडे.

"पा म्हणजे काय? पाणी?" मंजुळाने विचारलं.

त्याने डोळ्यांनीच नाही म्हटलं.

"मग पाव? पापड? आयुष्यभर माझं ऐकलं नाहीस, आता मी तुझी कोडी सोडवत बसू?"

ती हसत होती, पण तिचा हात नवऱ्याच्या कपाळावर होता. शेवटी कळलं, पायात गोळा आला होता. ती पाय चोळायला बसली. रिक्षाच्या अपघातात त्याची पाठ आणि घसा दोन्ही दुखावले होते. पाठ भरून येईपर्यंत उठून बसायचं नव्हतं. आवाजाचं डॉक्टर काही सांगत नव्हते.

वही गुणाजीने आणून दिली होती. तो शेजारच्या खोलीत राहायचा, एकटा.

"भाऊ, कुंदावहिनींची ती बटणाची पाटी द्या ना," मंजुळा म्हणाली. "त्यापण झोपूनच लिहायच्या. ह्या वहीचं काही खरं नाही."

"ती बिघडलीय," गुणाजी म्हणाला.

पाटी बिघडलेली नव्हती. गुणाजीच्या बायकोचा, कुंदाचा आवाज गेला तेव्हा त्यांच्या मुलाने, हर्षदने ती आणली होती. काळी, पातळ, सोबत प्लॅस्टिकचं पेन. लिहिलं की हिरवी अक्षरं दिसायची. बटण दाबलं की सगळं पुसलं जायचं. गुणाजीला ती आवडली नव्हती. कागदावर लिहिलेलं राहतं, म्हणून त्याने बायकोला वह्या आणून दिल्या. कुंदाने त्या बाजूला ठेवल्या आणि पाटीवर लिहिलं, 'बोललेलं कोणी साठवून ठेवतं का?' त्याने वाचलं, तसं तिने बटण दाबलं. मग शेवटपर्यंत ती अशीच बोलली. भांडलीसुद्धा पाटीवरच. त्याने उत्तर द्यायच्या आत पुसून टाकायची आणि वर हसायची.

शेवटच्या दिवशी गुणाजी शहाळं आणायला खाली गेला होता. परत आला तेव्हा ती गेलेली होती. पाटी तिच्या छातीवर होती. पाटीवर 'अहो' लिहिलं होतं. पुढे काही नव्हतं.

हर्षदने फोनवर फोटो काढून ठेवला. "बाबा, आता हे कायमचं राहील. पाटी कोणाला तरी देऊन टाका." गुणाजीने पाटी दिली नाही. फोटोत ते लिहून झालेलं वाटायचं. पाटीवर कुंदा अजून लिहीत होती.

दुपारी तो पाटी उशाशी ठेवून पडायचा. साकीनाक्यावरून एखादं विमान खाली उतरत यायचं आणि त्या आवाजात सगळी चाळ मुकी व्हायची. गॅलरीतल्या बायकांचे ओठ हलायचे, शब्द यायचे नाहीत. तेवढ्यात त्याचा डोळा लागायचा. मग पाटीवर पुढची अक्षरं हळूहळू उमटायची. अहो, खिडकी लावा. अहो, मीठ संपलंय. अहो, तो निळा शर्ट नका घालू. जागा झाला की हिरवं 'अहो' तेवढंच असायचं. तरी त्याला बरं वाटायचं. तिचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"भाऊ, औषधं घेऊन येते. जरा बसाल ना ह्याच्याजवळ?" मंजुळा पायात चप्पल सरकवत म्हणाली आणि जिना उतरून गेली.

खोलीत दोघेच उरले. कुंडलिकने पुन्हा वही उचलली. पेन झटकलं, लिहिलं, पुन्हा झटकलं. मग जोर लावला. कागद फाटला आणि वही त्याच्या तोंडावर पडली. त्याने ती बाजूला केली नाही. तिच्याखाली तसाच पडून राहिला.

गुणाजीने वही उचलली. कुंडलिकचे डोळे ओले होते. तो आढ्याकडे बघत होता.

गुणाजी उठला. आपल्या खोलीत गेला. कपाटावरची पाटी काढून त्याने सदऱ्याच्या बाहीने तिच्या कडा पुसल्या. मधल्या अक्षरांना हात लावला नाही. मग परत आला.

"हे घे. बिघडलेली नाही, मी उगाच म्हटलं. कोपऱ्यात बटण आहे बघ. आधी ते दाब, पाटी कोरी होईल. मग लिही."

पुसताना पाटी एकदा लखकन चमकते. ते त्याला बघायचं नव्हतं. तो दारात जाऊन बाहेर तोंड करून उभा राहिला. गॅलरीत दोरीवरचे कपडे वाऱ्याने एकाच बाजूला गेले होते. खाली कोणीतरी नळाला पाइप लावत होतं. सगळं लांब लांब वाटत होतं, पाण्याच्या तळाशी असल्यासारखं.

मागे प्लॅस्टिकच्या पेनाचा बारीक आवाज झाला. मग तो थांबला. मग कुंडलिकने पलंगाच्या कडेवर पेन टकटक वाजवलं.

गुणाजी वळला. कुंडलिकने पाटी त्याच्याकडे करून धरली होती. त्याने बटण दाबलेलंच नव्हतं. होता त्या शब्दाच्या पुढे आपल्या वाकड्या अक्षरांत दोन शब्द जोडले होते.

'अहो जेवलात का?'

गुणाजीने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"नाही गं," तो म्हणाला. "आता बसतो."