चालू गाडी

शिल्पाने चावी फिरवली. मोटारसायकलच्या मीटरवर काहीच उजळलं नाही. हॉर्न दाबला, तोही गप्प.

बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या इमारतीखाली शिल्पाची ही गाडी बाळंतपणाच्या आधीपासून ताडपत्रीत उभी होती. आज ती विकायची होती. गिऱ्हाईक नवऱ्याने, विकासने शोधलं होतं. कोठी भागातले हिम्मतराव. ते घरून निघालेसुद्धा होते. शिल्पा हो म्हणाली होती. लेकराला घेऊन गाडीवर कुठं हिंडणार? फक्त, बंद गाडी लोकांच्या हातात द्यायची नाही, एवढं तिने बजावलं होतं.

सासूबाई चतुराबाई बाळाला मांडीवर घेऊन शेजारी खुर्चीत बसल्या होत्या.

शिल्पाने सीट काढली. बॅटरी कालच चार्ज करून आणलेली, पण वायरींच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. तिने जुन्या टूथब्रशने ती घासून काढली, नट आवळले. फ्यूज पाहिला, शाबूत होता. पुन्हा चावी. पुन्हा अंधार. मग तिने एका छोट्या बल्बला दोन वायरी जोडल्या आणि एकेक जागा तपासत गेली.

"फ्यूजपर्यंत करंट येतोय, आई. पुढं नाही."

चतुराबाई खुर्चीतूनच वाकल्या. "टाकीच्या खाली बघ की. लेंड्या दिसायल्यात. उंदीर तिथंच बसून जेवलाय."

टाकीखाली खरंच एक वायर कुरतडून तुटलेली होती.

"तुम्ही तर मेकॅनिक निघालात!"

"हौ. पिठाच्या डब्यापाशी रोज हेच बघते मी."

शिल्पाने दोन्ही टोकं सोलली, पीळ देऊन जोडली, वर टेप गुंडाळली. चावी फिरवताच हिरवा दिवा लागला. हॉर्न आधी घोगरा, मग खणखणीत वाजला. बाळ दचकलं आणि खिदळायला लागलं. सेल्फ दोनदा नुसता टकटकला, तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं.

शिल्पा उगाचच ॲक्सिलरेटर पिळत राहिली. कपाळाला काळं लागलं होतं, तेही तिला कळलं नाही. चतुराबाई तिच्या तोंडाकडे बघत बसल्या.

तेवढ्यात विकास हिम्मतरावांना घेऊन आला. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"आवाज मस्त आहे. नेऊ ना मग?"

शिल्पाने इंजिन बंद केलं, चावी काढून पुढे केली. ती चतुराबाईंनी मधेच घेतली.

"नक्को. राहू द्या."

"आई, ठरलंय ना आपलं?" विकास म्हणाला.

"बंद होती म्हणून विकायलो होतो. आता चालू झाली ना?"

त्यांनी बाळ विकासच्या हातात दिलं, चावी शिल्पाच्या हातात. मग पदर कमरेला खोचला आणि गाडीजवळ जाऊन विचारलं,

"मागं बसल्यावर पाय कुठं ठेवायचा असतो गं?"