पत्रात तब्येत

"धंद्याच्या पत्रात तब्येत इचारू नगं, सूनबाई. माणूस खरंच सांगत बसतंय की," असं मामंजी म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. पत्राची सुरुवात सौजन्यानं करावी, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. आमच्या ह्यांच्या चादरींचे गठ्ठे विकले न जाता घरभर पडलेले, आणि बाळ आता त्यांवर चढायला लागलेला. म्हणून दुधनीच्या कापडवाल्या सिद्धप्पांना मी लिहिलं, "आपली प्रकृती कशी आहे? चादरी किती पाठवू?"

चार पानी उत्तर आलं. गुडघे, पित्त, खोकला. चादरींचं नावच नाही. गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून मी ओव्याचा काढा लिहून कळवला. मग दम्याचं पत्र आलं.

शेवटी एकदाची ऑर्डर आली. हे सुतळी घेऊनच उठले. मी वाचलं, "चादर एक पाठवा. लई हुडहुडी भरती."

"एकच?" ह्यांनी कपाळावर हात मारला.

"तेच म्हणते मी. एकीनं कशी जाणार थंडी?"

मी दोन पाठवल्या. त्यानंतर पत्र नाही. गठ्ठ्यांचं राहू द्या. तुमच्यापैकी कुणी दुधनीला जाणार असाल, तर सिद्धप्पांना तेवढं बघून या. कान बांधलेत का, तेही बघा.