वरच्या मजल्यावरचा सिनेमा

छताला टांगलेला दिवा हलला. मग पुन्हा हलला, या वेळी जरा जोरात, आणि ठोसेश्वरांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"बसला!" ते बायकोला म्हणाले. "जबड्यावर बसला. ओला टॉवेल चामड्याच्या उशीवर हाणायचा, पण मनगट सैल ठेवून. आजकालच्या पोरांना नाही जमायचं."

ठोसेश्वर हे नाव स्टुडिओतल्या लोकांनी ठेवलेलं. जुन्या खूनपटांना नव्या भाषेत बोलतं करताना मूळ आवाज पुसले जात. संवाद नटनट्या भरत, बाकी सगळी मारझोड ठोसेश्वर पुन्हा करीत. कोबीत सुरा खुपसला की कुणाच्या तरी पोटात सुरा. गाजर मोडलं की बोट. अक्रोड फोडला की कवटी. बायकोनं कित्येक वर्षं भोसकलेल्या कोबीची भाजी केली आणि एका शब्दानं कुरकुर केली नाही. तीस वर्षं हेडफोन चढवून ठोसेश्वरांचे कान मात्र कामातून गेले. ऐकायचं यंत्र आणलं होतं, ते ड्रॉवरमध्ये आराम करी. समोरच्याचे ओठ वाचून त्यांचं भागत होतं.

त्या सिनेमांवर त्यांचा जीव होता. मोठं घर, दहा पाहुणे, एक मुडदा, आणि मुडद्याभोवती उभी राहून एकाहून एक फटकळ बोलणारी माणसं. रक्ताचं थारोळं होई, पण कुणाची जीभ अडखळत नसे. खुनी तर सगळ्यांत हजरजबाबी. तो पकडला गेला की ठोसेश्वरांना चुटपुट लागे. म्हणून लग्नाचं बोलायला आलेल्या मुलानं असल्या सिनेमांतले संवाद घडाघडा म्हणून दाखवले, तेव्हा ते पार विरघळले. मुलगी म्हणाली होती, "बाबा, मला जरा विचार करू दे." यांनी तिला तेवढी सवड दिली नाही. वरचा मजला रिकामाच होता, तोही देऊन टाकला.

जावई दर रविवारी दुपारी त्यांतलाच एखादा सिनेमा मोठ्या आवाजात लावी. "तुमचीच कला ऐकतोय, बाबा," असं जिन्यात भेटला की सांगे. मग ठोसेश्वर खाली आरामखुर्चीत बसून दिव्याकडे बघत आणि प्रत्येक हिसक्याला आपला आपण हिशेब लावत. हा खांद्यावर. हा बरगडीत.

मुलगी आठ दिवसांत खाली आली नव्हती. आईला फोनवर म्हणाली, सर्दी झालीय. त्याआधी तिचं बोट दारात सापडलं होतं. त्याआधी ती न्हाणीत घसरली होती.

"लहानपणी एकदासुद्धा पडली नाही हो ही पोरगी," बायको म्हणाली होती.

"लग्नानंतर माणूस वेंधळं होतं," ठोसेश्वर म्हणाले होते. "माझ्याकडे बघ."

दिवा आता लागोपाठ तीनदा हलला. बायकोनं शर्टाला बटण शिवणं अर्धवट सोडून वर पाहिलं. मग ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, म्हणजे ओठ नीट दिसावेत.

"अहो, चहा पिता पिता एवढी मारामारी कसली?"

"कुठला चहा?"

"सिनेमात. कपबशा वाजताहेत. ती म्हातारी म्हणतेय ना, मरणाऱ्यानं निदान चहा संपेपर्यंत तरी थांबावं, तो सिनेमा. सगळे खो खो हसताहेत आणि मधूनच धाडधाड."

ठोसेश्वरांचं हसू मावळलं. "म्हातारीच म्हणाली? नक्की?"

"मी काय बहिरी आहे?"

ते उठले. चपला न घालताच जिना चढू लागले. गुडघे दुखतात म्हणून एरवी ते मधल्या वळणावर टेकत, आज टेकले नाहीत. बायको "अहो, झालं काय?" म्हणत मागोमाग आली. त्यांनी मुठीनं दार बडवलं.

जावयानं दार अर्धं उघडलं. केस नीट विंचरलेले, चेहरा हसरा. उजव्या हाताच्या सालपटलेल्या पेरांवर त्यानं रुमाल दाबून धरला होता. बाहीवर लाल ठिपके होते.

"या बाबा! अगदी वेळेवर आलात. मुडदा नुकताच सापडलाय."

त्याच्या खांद्यावरून खोली दिसत होती. पडद्यावर दहा पाहुणे कपबशा घेऊन हसत होते. खुर्ची उलटी पडली होती. भिंतीला टेकून मुलगी जमिनीवर बसली होती. डावा हात तिनं उजव्या हातानं छातीशी धरला होता, आणि नाकातून हनुवटीपर्यंत रक्त ओघळत होतं. बायकोनं तोंडावर हात ठेवला.

"पडली," जावई म्हणाला. "सिनेमात इतकी रमली की पायात खुर्ची दिसली नाही. आवाज फार झाला का? काय करणार, मारामारीचा सीन. ठोसे तुम्हीच इतके झकास मारून ठेवलेत."

मुलीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग वडिलांकडे. ओठ फाटला होता, तरी ठोसेश्वरांना तो वाचता आला.

"खरंच पडले, बाबा. बाकीचा आवाज सिनेमाचाच होता. तुम्ही जा खाली."

ठोसेश्वरांनी जावयाला बाजूला सारलं. मुलीजवळ जाऊन ते गुडघ्यांवर बसले.

"बाळा, या सिनेमात तिघं मरतात, तिघंही विषानं," ते म्हणाले. "पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी कुणाला चापटसुद्धा मारत नाही."