तिसऱ्या रांगेतली खुर्ची

पाचवं मिनिट उलटलं, तसं सभागृहानं स्टेजकडे बघायचं सोडलं आणि तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघायला सुरुवात केली. गाणारी मुलगीही तिकडेच बघत होती. त्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते.

गावात त्यांना सगळे कानसेन म्हणत. कुठल्याही मैफलीतून ते पाच-सात मिनिटांत उठत, छत्री उचलत आणि चालू लागत. का उठलात, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "कळलं." एवढ्यावर भल्याभल्यांचं धाबं दणाणायचं. एक नामवंत गायक तर ते चौथ्या मिनिटाला उठल्यापासून तीन महिने अंथरूण धरून होता. वर्तमानपत्रातला परीक्षक आधी त्यांची खुर्ची बघायचा, मग स्वतःचं मत बनवायचा.

लोक म्हणत, असा कान उगीच तयार होत नाही, त्याला बाळकडूच लागतं. कानसेनांच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. अख्खं बालपण गाण्यात गेलेलं, वर आणखी काय हवं? मुलीलाही हे पटायचं. म्हणून तर ती इतकी वर्षं सगळा रियाज गाणं शिकवणाऱ्या बाईंच्याच घरी उरकून यायची. आज, या रविवारी सकाळी, ती पहिल्यांदाच बाबांसमोर गात होती. ते उठले तर पुन्हा तोंड उघडायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

सातवं मिनिट गेलं. बाबा हलले नाहीत. मान तिरकी, डोळे मिटलेले. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर हळूहळू काहीतरी पिळल्यासारखी फिरत होती. वीस मिनिटं झाली. लोक एकमेकांना कोपरानं डिवचू लागले. मुलीच्या जिवात जीव आला. मध्यंतरात चहालासुद्धा बाबा उठले नाहीत. दोन तासांनी पडदा पडला, तेव्हा परीक्षकाच्या वहीत 'अलौकिक' हा शब्द तीनदा लिहून झाला होता.

घरी जाताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "बाबा, आज तुम्ही उठला नाहीत?"

"कसा उठणार?" बाबा मायेनं म्हणाले. "आमच्या दुकानात नियमच होता. रेडिओ नीट वाजला, की बंद करायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. चांगलं वाजणारं ऐकत बसायला वेळ कुणाला होता? ऐकत बसायचं ते बिघडलेल्याला."

ती रस्त्यातच थांबली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नकोस. बिघाड आहे, एवढं नक्की. कुठे आहे ते दोन तासांत सापडलं नाही, दुपारी पुन्हा बसू."