ताईंना विचारा

तिसऱ्या दिवशीही फोन वाजला नाही, तेव्हा ताईंच्या मनात पाल चुकचुकली. समोर समुद्र होता, हातात गरम चहा होता, शेजारच्या खुर्चीत नवरा शब्दकोडं सोडवत होता. सगळं कसं छान चाललं होतं. म्हणजे ऑफिसात नक्की काहीतरी बिघडलं होतं.

ताईंच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचे एकतीस प्रोजेक्ट होते आणि त्या सगळ्यांची रोजची जुळणी एकच मोठी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची माळ, करायची. ती प्रत्येक प्रोजेक्टच्या दारात जाऊन तीच ती कामं मागायची: जुनं झाडून टाक, नवं जोड, तपास, बांधून दे. या कामांना म्हणायचं टार्गेट. एखाद्या चिमुकल्या प्रोजेक्टात ‘तपास’ नावाचं टार्गेटच नसलं, की स्क्रिप्ट तिथेच फतकल मारायची आणि मागचे सगळे ताटकळत बसायचे. नऊ वर्षांपूर्वी ताईंनी त्या जागी एक ओळ लिहून ठेवली: ‘टार्गेट सापडलं नाही. ताईंना विचारा.’ खाली स्वतःचा नंबर.

तेव्हापासून तो नंबर बहिणीच्या लग्नात वाजला, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही वाजला. तीन सहली अर्ध्यावर सोडाव्या लागल्या. नवरा भूगोलाचा मास्तर, नकाशे पाहण्यातच सुख मानणारा. एका शब्दाने कुरकुरला नाही. मुकाट्याने बॅगा भरायचा.

या खेपेला ताईंनी पक्का बंदोबस्त केला होता. सगळ्यांच्या सामाईक फाइलमध्ये प्रत्येक टार्गेट रिकामं लिहून ठेवलं. ज्याचं स्वतःचं आहे त्याने ते चालवावं; ज्याचं नाही त्याच्या वतीने हे रिकामं टार्गेट ‘इथे काही काम नाही, पुढे चला’ म्हणेल. पण खरी मेख इथेच होती. उद्या एखाद्या मोठ्या प्रोजेक्टातली तपासणी चुकून उडाली, तरी हे गोड बोलून पुढे जाणार, आणि न तपासलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडणार. म्हणून कोणाकडे कोणतं टार्गेट नसलं तरी चालेल, याची त्यांनी यादी केली. यादीबाहेरचा कोणी रिकामा सापडला, तर स्क्रिप्टने थांबायचं आणि तीच जुनी ओळ दाखवायची. ती यादी जोडायचं काम हाताखालच्या पोरीवर सोपवून त्या निघाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी त्या बॅग भरत होत्या आणि नवरा चष्म्याची सैल दांडी बसवून आणतो म्हणून दोन तास बाहेर होता. चष्मा अजूनही नाकावरून घसरतच होता.

शेवटी न राहवून ताईंनीच फोन लावला.

“यादी जोडलीस ना गं?”

“जोडली की, ताई. परवा स्क्रिप्ट थांबलीसुद्धा. तिकिटांच्या प्रोजेक्टातलं ‘तपास’ उडालं होतं. आम्ही सगळ्यांनी बसून शोधलं, परत टाकलं.”

ताईंना हायसं वाटलं. आणि लगेच थोडं लागलंही. आपल्यावाचून तिथे कुणाचंच अडलं नव्हतं.

“थांबली होती, मग मला फोन नाही केलास?”

“स्क्रिप्ट आता तसं सांगत नाही ना. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी ती ओळ बदलली.”

“कोणी?”

“टाकली मीच. पण मजकूर माझा नाही. कागदावर लिहून दिला, तस्सा टाकला.” पोरगी जरा घुटमळली. “वाचून दाखवू?”

ताईंनी शेजारी पाहिलं. नवरा कोड्यात डोकं खुपसून बसला होता. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता.

“वाच.”

“‘टार्गेट सापडलं नाही. यादी बघा, एकमेकांना विचारा. ताईंना विचारू नका. त्या नऊ वर्षांनी माझ्याजवळ निवांत बसल्या आहेत.’”